पुलावरची रांग
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चिटणीसबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले, "तुम्ही बहिणीकडे सिंगापूरला महिनाभर राहून आलात, तेव्हा यंदा वर्धापनदिनाला तुम्हीच बोलायचे." मी म्हटले, अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मला भाषण कुठले येणार? तर त्या म्हणाल्या, "भाषण करू नका, नुसते सांगा." म्हणून मी नुसते सांगणार आहे.

तिथल्या बागा, उंच इमारती, तो विमानतळातला धबधबा हे सगळे तुम्ही आपापल्या मोबाईलवर माझ्याआधीच पाहिलेले आहे. ते सांगण्यात काही अर्थ नाही. मी सांगणार आहे ती एका किलोमीटरभर रस्त्याची हकीकत. आपल्या स्टँडपासून नदीच्या घाटापर्यंत जेवढे अंतर तेवढाच तो रस्ता. पण तो ओलांडायला आम्हाला एकदा पाऊण तास लागला आणि दुसऱ्यांदा जवळजवळ तीन तास. कारण त्याच्या एका टोकाला सिंगापूर हा देश आणि दुसऱ्या टोकाला मलेशिया.

आपल्याला सरहद्द म्हटली की तारेचे कुंपण आणि बंदुका डोळ्यांपुढे येतात. तिथे मात्र लोक सरहद्द ओलांडून भाजी आणायला, केस कापायला, दात काढायला जातात. सिंगापूर हे बेट, आणि उत्तरेला अरुंद समुद्राच्या पलीकडे मलेशियाचे जोहोर बाहरू शहर. मधल्या पाण्यात दगडांचा भराव घालून इंग्रजांनी रस्ता केला. त्याला कॉजवे म्हणतात. १९२३ साली त्यावरून आगगाडी जाऊ लागली आणि १९२४ च्या जूनमध्ये त्याचे रीतसर उद्घाटन झाले. महायुद्धात १९४२ च्या जानेवारीअखेर माघार घेताना इंग्रजांनीच त्याला सुरुंग लावून खिंड पाडली, पण जपानी यायचे ते आलेच. रस्त्याच्या कडेने पाण्याचे मोठाले नळ गेलेले आहेत, कारण सिंगापूरला पाणी जोहोरकडून घ्यावे लागते. दोन्ही देश १९६३ ते १९६५ एकच होते. मग वेगळे झाले आणि १९६७ पासून मध्ये पासपोर्ट आला. म्हणजे घर वाटले गेले, पण विहीर सामाईक राहिली, असा प्रकार.

दुसरा पूल पश्चिमेला तुआस येथे आहे, तो १९९८ साली झाला. वुडलँड्सचा जुना कॉजवे तुम्हाला थेट जोहोर बाहरूच्या बाजारात नेऊन सोडतो. तुआसचा पूल लांबचा, पथकर जास्त, आणि शहराच्या बाहेर उतरवतो. पण गर्दी बहुधा कमी. तेव्हा घरातून निघण्यापूर्वीच पहिला वाद हा, की वुडलँड्स की तुआस?

माझ्या बहिणीचे यजमान तिथे इंजिनियर आहेत. बहिणीच्या सासूबाई त्यांच्याजवळच असतात. वय बाहत्तर, मधुमेह आहे. त्यांची कवळी बसवून घ्यायची होती. सिंगापूरच्या एका डॉलरला तिकडचे तीनहून अधिक रिंगिट मिळतात, त्यामुळे दातांच्या कामाला सिंगापूरचे पुष्कळ लोक पलीकडे जातात. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, दिवाळीच्या आधीच्या शनिवारी सकाळी नऊची वेळ मिळाली होती. रविवारी रात्री परत येऊन सोमवारी पहाटे नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान घरी करायचे, असा बेत. दिवाळीची सुट्टी दोन्ही देशांत असते. त्यामुळे हा बेत ऐकून शेजारच्या बाईंनी नुसत्या भुवया उंचावल्या.

शुक्रवारी रात्री जेवणे झाल्यावर मेहुणे मोटार घेऊन पेट्रोल भरायला गेले. मी म्हटले, पलीकडे पेट्रोल स्वस्त आहे म्हणता, मग इथे कशाला भरता? त्यातली गोम अशी, की सिंगापूरची मोटार देशाबाहेर नेताना तिची टाकी निदान पाऊण भरलेली असलीच पाहिजे, असा तिथला कायदा आहे. लोक रिकामी टाकी घेऊन जातात आणि स्वस्त पेट्रोल भरून आणतात, मग सरकारचा कर बुडतो. म्हणून १९८९ साली अर्ध्या टाकीचा नियम केला आणि पुढे १९९१ साली तो पाऊण टाकीवर नेला. नाक्यावर काटा बघतात. कमी दिसला तर मोटार परत फिरवायची, वर पाचशे डॉलरपर्यंत दंड. पलीकडेही परदेशी मोटारीला सगळ्यांत स्वस्त, सरकारने भाव पाडून दिलेले पेट्रोल घेता येत नाही. दोन्ही सरकारे आपापला डबा सांभाळून आहेत. आपण बायका तेच करतो, त्यामुळे मला हा कायदा एकदम पटला.

मोटारीला मलेशियाचा परवानाही लागतो. काचेवर एक पट्टी चिकटवलेली असते आणि नाक्यावरचे यंत्र ती आपोआप वाचते. १ जुलै २०२५ पासून ही पट्टी नसणाऱ्यांना तीनशे रिंगिट दंड सुरू झाला. शिवाय दर खेपेला वीस रिंगिट रस्त्याचा आकार. हे पैसे नोटांनी घेत नाहीत, एका कार्डातून कापून जातात, आणि त्या कार्डात शिल्लक हवी. जाताना आमच्या पुढच्या मोटारीच्या कार्डात शिल्लक नव्हती. तो गृहस्थ कार्ड टेकवतोय, पुन्हा टेकवतोय, आणि मागे सगळी रांग थिजलेली. शेवटी आमच्यासकट सात-आठ मोटारी मागे सरकल्या तेव्हा तो बाहेर पडला. दहा मिनिटे गेली. बहिणीने लगेच आपले कार्ड काढून शिल्लक पाहून घेतली. भरपूर होती, कारण ती घरातले सगळे हिशेब आईसारखेच ठेवते.

आता रांगेला किती वेळ लागेल हे आधी कसे कळते, तेही सांगते. पुलावर सरकारने कॅमेरे लावलेले आहेत आणि त्यांची चित्रे कोणालाही घरबसल्या पाहता येतात. दूध तापेपर्यंत बहीण मोबाईलवर पुलाचे चित्र पाहून घेते. मोटारींच्या मध्ये डांबर दिसले तर ठीक. नुसती टपेच दिसली तर चहा निवांत घ्यायचा. पण चित्र आत्ताचे असते, आणि आपण पोहोचणार अर्ध्या तासाने. तेवढ्यात सगळ्यांनी तेच चित्र पाहून तोच पूल धरला, तर काय करता? म्हणून बहिणीचा भरवसा चित्रापेक्षा कॅलेंडरवर जास्त. शुक्रवारी दुपारनंतर सिंगापुराबाहेर जाणारी गर्दी, रविवारी संध्याकाळी परतणारी. शाळांना सुट्टी मार्चमध्ये व सप्टेंबरमध्ये आठवडाभर, आणि जूनला व वर्षअखेरीस मोठी. चिनी नववर्ष, ईद, नाताळ या दिवसांत तर नाक्याचे अधिकारी स्वतःच जाहीर करतात, की मोटारीने तीन तासांपर्यंत लागतील, होईल तर बसने जा. बसला वेगळा मार्ग असतो.

शनिवारी आम्ही पहाटे पाचला निघालो. अंधार होता. नाक्याजवळ रस्त्याच्या फांद्या फुटतात. बसचा मार्ग, मालमोटारींचा, फटफट्यांचा आणि मोटारींचा, सगळे वेगळे. मोटारींचा मार्ग पुढे पुष्कळ खिडक्यांपुढे पसरतो आणि ज्याने त्याने आपली रांग निवडायची. इथे माझ्या बहिणीच्या घरातला जुना तंटा आहे.

मेहुणे रांगा बदलतात. शेजारची रांग दोन मोटारी पुढे सरकली की ह्यांचे डावीकडचे दिवे लुकलुकायला लागलेच. बहिणीचे म्हणणे, एकदा रांग धरली की धरली. मी मागच्या बाकावर सासूबाई आणि भाचा यांच्या मध्ये बसून दोघांचेही ऐकत होते. मेहुण्यांनीच मला सांगितले, की रेडेलमायर आणि टिबशिरानी अशा दोघा संशोधकांनी ह्याच गोष्टीचा अभ्यास करून १९९९ साली 'नेचर' ह्या विज्ञानाच्या साप्ताहिकात तो छापला होता. दोन्ही रांगा अगदी सारख्याच वेगाने जात असल्या तरी प्रत्येकाला शेजारची पुढे जातेय असे वाटते. कारण आपली रांग चालते तेव्हा शेजारी दाटीने थांबलेल्या पुष्कळ मोटारी आपण झटक्यात मागे टाकतो. ती चालते तेव्हा मात्र तिच्या मोटारी सुट्या सुट्या होऊन सावकाश आपल्याला मागे टाकत जातात. म्हणजे मोटारी सारख्याच, पण मागे पडण्याची मिनिटे जास्त. शिवाय मागे टाकलेला डोळ्यांआड होतो, पुढे गेलेला समोर दिसत राहतो.

बहीण म्हणाली, "इतके ठाऊक आहे, तर मग बदलता कशाला?" मेहुणे काही बोलले नाहीत. आठ वर्षांचा भाचा मोठ्याने हसला, त्याला सासूबाईंनी चिमटा घेतला.

पण मी म्हणते, निवडण्यासारखेही काही असतेच. खिडकीवर वेळ लागतो तो मोटारींना नव्हे, माणसांना. एका मोटारीत एकटा गृहस्थ, दुसरीत आजोबांपासून तान्ह्या मुलापर्यंत सातजण, तर दोन्ही मोटारी एकच जागा अडवतात, पण खिडकीवर सातजणांना जास्त वेळ. तेव्हा रांग किती लांब हे पाहू नये, तिच्यात डोकी किती हे पाहावे. आपण रेशनच्या दुकानात पुढचीच्या हातात किती पिशव्या आहेत ते बघतोच ना? टपावर खोकी बांधलेली मोटार पुढे असेल तर तिची झडती होण्याचा संभव जास्त. मागाहून बहिणीने कबूल केले, की निवड करायची ती पहिल्या शंभर पावलांत करावी. खिडक्यांच्या जवळ गेल्यावर बदलणे म्हणजे भाकरी अर्धी भाजल्यावर तवा बदलणे. मेहुण्यांना हे अजून मान्य नाही.

सिंगापूरच्या बाजूला १९ मार्च २०२४ पासून एक सोय झाली आहे. पूर्वी मोटारीतल्या सर्वांचे पासपोर्ट गोळा करून खिडकीतून द्यायचे, अधिकारी एकेक उघडून तोंडे पाहायचा. आता घरीच मोबाईलवर सगळ्यांचा मिळून एक क्यूआर कोड तयार करतात, दहा माणसांपर्यंत एकच चालतो. तो खिडकीवरच्या यंत्राला दाखवायचा आणि मग तोंडे. पहिल्यांदाच सिंगापूरला येणाऱ्या परक्या पाहुण्याला मात्र पासपोर्टच दाखवावा लागतो. चार माणसांच्या मोटारीमागे वीसेक सेकंद वाचतात असे सरकारने सांगितले होते. मला वाटले, वीस सेकंदांत काय होते? फोडणीत मोहरीसुद्धा नीट तडतडत नाही. मग मी बोटांवर हिशेब केला. पुढे पन्नास मोटारी असल्या तर वीस पन्नासे हजार सेकंद, म्हणजे सोळा मिनिटांहून जास्त. आपण खिडकीवर पिशवी चाचपण्यात घालवलेले वीस सेकंद आपले नसतात, मागच्या प्रत्येकाचे असतात.

जाताना आमचा पाऊण तास गेला तो असा. उजाडू लागले होते, आणि मला पलीकडच्या बाजूने समोरून येणाऱ्या फटफट्या दिसल्या. भगिनींनो, मी पंढरपूरची वारी पाहिलेली आहे, पण असा लोंढा पाहिला नव्हता. दिव्यांची नदीच. हे सगळे जोहोरला राहून सिंगापुरात कामाला येणारे लोक. कारखान्यात, इस्पितळांत, हॉटेलांत, झाडलोटीवर. पगार डॉलरमध्ये, घरभाडे रिंगिटमध्ये, म्हणून रोज दोन वेळा देश ओलांडायचा. पुष्कळांनी अंगातले जाकीट उलटे, म्हणजे पाठीकडून बंद होईल असे घातलेले. थंड वारा छातीवर लागू नये म्हणून तिकडे तशीच रीत आहे. त्यांत बायकाही पुष्कळ होत्या.

बहिणीच्या इमारतीत झाडलोट करणारी एक तमिळ बाई त्यांतलीच. तिचे नाव मी इथे सांगत नाही. मला तिची भाषा येत नाही, तिला माझी नाही. बहीण मध्ये बसून सांगत होती. ती पहाटे साडेतीनला उठते, मुलांचे जेवण करून झाकून ठेवते, साडेचारला नवऱ्याच्या फटफटीवर मागे बसते. सात वाजता झाडू हातात. संध्याकाळी पुन्हा तीच रांग. रांगेत दिवसाचे किती तास जातात असे मी विचारले, तर ती म्हणाली, चांगला दिवस असला तर दोन, वाईट असला तर चार. हे तिने अगदी सहज सांगितले. मी रात्री अंथरुणावर हिशेब केला, आणि मग करायचा सोडून दिला.

पण तिने जी गोष्ट सहज सांगितली नाही ती २०२० सालची. करोनाची साथ आली तेव्हा मलेशियाने १८ मार्च २०२० पासून सरहद्द बंद करण्याचे जाहीर केले. आदल्या रात्री हजारो माणसे हातात मिळेल ते बोचके घेऊन सिंगापूरच्या बाजूला धावली. घरी राहिले तर नोकरी जाणार, नोकरी धरली तर घर बंद. हिचा नवरा मुलांजवळ राहिला आणि ही पूल ओलांडून आली, कारण पक्का पगार हिचा होता. पुढे ऑगस्टमध्ये अशी सोय निघाली, की निदान तीन महिने सलग काम केल्यावर घरी जाता येईल, पण जाता-येताना विलगीकरणात राहायचे. ते तिला जमण्यासारखे नव्हते. तेरा महिने तिने मुलीला नुसते फोनवर पाहिले. मुलीला त्या काळात न्हाण आले. आईला कळले ते फोनवरच, आणि तेही शेजारणीने सांगितले म्हणून. हे सांगताना तिने पदराने डोळे पुसले, आणि बहिणीला पुढचे मराठीत सांगता येईना.

सरहद्द पूर्ववत उघडली ती १ एप्रिल २०२२ ला. मध्यरात्री बारा वाजता लोक पायी आणि फटफट्यांवर आनंदाने ओरडत गेले. तेव्हापासून रांग लागली की ही बाई कुरकुर करीत नाही म्हणते. रांग आहे म्हणजे दार उघडे आहे.

आता परतीची हकीकत. सासूबाईंची कवळी छान बसली. रात्री मेहुण्यांच्या एका स्नेह्यांकडे राहिलो. दुसऱ्या दिवशी काचेच्या तुकड्यांनी नटवलेले कालीमातेचे देऊळ पाहिले. भिंती, छत, खांब सगळीकडे काच. थोडी खरेदी झाली. खरेदीलाही मर्यादा आहे. अठ्ठेचाळीस तासांच्या आत परतणाऱ्याला शंभर डॉलरपर्यंतच माल करावाचून आणता येतो, वर गेला तर त्यावर नऊ टक्के कर आधी सांगून भरायचा. बहिणीने सगळ्या पावत्या एका पाकिटात घातल्या होत्या. चघळायचा गोंद, म्हणजे च्युइंगम, तो १९९२ पासून सिंगापुरात आणायला बंदीच आहे. भाच्याच्या खिशातून बहिणीने तो आधीच काढून घेतला.

निघायला पाच वाजले. दुपारी जेवून दोनला निघावे असे बहिणीचे म्हणणे होते, पण स्नेह्यांनी चहाचा आग्रह केला. आग्रह मोडवत नाही. परतताना आधी मलेशियाची खिडकी, मग पूल, मग सिंगापूरची खिडकी. पहिली खिडकी तासाभरात झाली. पण पुलावर आलो आणि मोटारी जागच्या जागी थांबल्या. दोन्ही बाजूंना पाणी, कडेने ते नळ, आणि पुढे मागे नुसते तांबडे दिवे. एकदा शेजारून छोटी आगगाडी गेली. ती तेवढे अंतर पाच मिनिटांत कापते. भाच्याने तिला हात केला.

इथे एक बायकांची गोष्ट सांगते, पुरुषमंडळी आज सभेला नाहीत ते बरेच आहे. पुलावर मोरीची सोय नाही. एकदा रांगेत शिरलात की तीन तास दार उघडायचे नाही. म्हणून सासूबाई दुपारपासून पाणीच प्यायल्या नव्हत्या. आपण बायका सगळीकडे हेच करतो, एस.टी.च्या प्रवासातसुद्धा, आणि मग मूत्रमार्गाचा विकार जडवून घेतो. बहिणीने त्यांच्यासाठी मोठ्या माणसांचे लंगोट, ते विकत मिळतात ते, आणलेले होते. सकाळी सासूबाई रागावल्या होत्या, "मी काय तान्हे मूल आहे?" बहीण म्हणाली, "आई, घाला. उपयोग केलाच पाहिजे असे कुठे आहे? पण भीती तर नको." शेवटी घातला, आणि मग त्यांनी घोटघोट पाणी घेतले.

सात वाजून गेले तशा त्या बोलायच्या थांबल्या. मला वाटले दमल्या. पण त्यांच्या हाताला माझा हात लागला तर तो थंड आणि ओला. कपाळावर घाम, बोटांना कंप. मधुमेहाची गोळी घेतलेली, आणि जेवणाची वेळ टळलेली. साखर खाली आली होती. मेहुणे घाबरले. रांगेतून मोटार बाहेर काढतो, अधिकाऱ्याला बोलावतो म्हणू लागले. बाहेर काढणार कुठे? डावीकडे मोटार, उजवीकडे मोटार. बहीण म्हणाली, "आधी साखर." तिने डब्यातून साखर काढली, तीन चहाचे चमचे थोड्या पाण्यात विरघळवून त्यांना पाजली. डॉक्टरांनी तिला शिकवून ठेवलेले आहे, की माणूस शुद्धीवर आणि गिळू शकत असेल तर साखर द्यायची, पंधरा मिनिटे थांबून पुन्हा पाहायचे, बरे वाटले नाही तर पुन्हा द्यायची, आणि मग पोटाला काहीतरी घालायचे. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काही घालायचे नाही, मदतच बोलवायची. ती पंधरा मिनिटे आमच्या मोटारीत कोणी बोलले नाही. आमची रांग चार मोटारी पुढे सरकली आणि शेजारची नऊ. मेहुण्यांनी एकदाही तिकडे पाहिले नाही.

मग सासूबाईंनी डोळे उघडून विचारले, "दशम्या आणल्यात ना?" आणल्या होत्या. केळीही होती. तिथेच पुलावर आम्ही सगळ्यांनी दशम्या आणि केळी खाल्ली. मेहुण्यांनी एक दशमी स्टिअरिंगवर ठेवून खाल्ली. एरवी बहिणीने त्यांना बोलून घेतले असते.

जवळ येता येता एक मोटार बसच्या मार्गावरून पुढे येऊन आमच्या रांगेत तिरकी घुसली. आपल्याकडे अशा वेळी केवढा कोलाहल होतो! तिथे एक गणवेशातला माणूस आला, त्याने काचेवर टकटक केली, दोन शब्द बोलला आणि त्या मोटारीला वळवून पार शेवटाला पाठवले. पुन्हा पहिल्यापासून रांग. घुसणाऱ्यांना तिथे हीच शिक्षा आहे. दंड भरून माणूस विसरतो, पण तीन तास पुन्हा बसायचे म्हणजे ते लक्षात राहील.

घरी पोहोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. सासूबाई लगेच निजल्या. बहिणीने आणि मी उटणे भिजवून ठेवले, आणि पहाटे चारला सगळ्यांत आधी सासूबाईच उठून तेलाची वाटी घेऊन बसल्या होत्या.

ह्या रांगेवर तोडगा म्हणून आता समुद्रावरून नवी आगगाडी बांधली आहे, वुडलँड्स ते जोहोर बाहरू, चार किलोमीटर. तासाला एका बाजूला दहा हजार माणसे नेणारी. २०२६ संपता संपता ती सुरू करायचे ठरवले होते. तिची मौज अशी, की दोन्ही देशांची तपासणी निघतानाच एका ठिकाणी होणार, उतरल्यावर पुन्हा खिडकी नाही. त्या झाडलोटवाल्या बाईला विचारले, तर म्हणाली, भाडे किती ठेवतात ते पाहू.

शेवटी ज्यांची मुले-मुली तिकडे आहेत त्यांच्यासाठी थोडे. आपल्याला सिंगापूरचा व्हिसा लागतो. तो एकापेक्षा जास्त वेळा आत येण्याचा आहे ना, हे नीट वाचून घ्या. नाहीतर पूल ओलांडून गेलात की परत येण्याची पंचाईत. सिंगापुरात शिरण्याआधी तीन दिवसांच्या आत मोबाईलवर एक आगमनाचा अर्ज भरायचा असतो. विमानाने येताना भरला असला, तरी पलीकडे जाऊन परतताना पाहुण्याने पुन्हा भरावा लागतो. मलेशियाचाही तसाच वेगळा आहे. दोन्ही फुकट आहेत. पैसे मागणारी पाने निघतात, त्यांच्या नादी लागू नका. मलेशियाने आपल्या लोकांना तीस दिवसांपर्यंत व्हिसा माफ केलेला आहे. ही सवलत डिसेंबर २०२३ पासून आहे आणि २०२६ अखेरपर्यंत वाढवलेली आहे. त्यापुढचे जाताना पाहून घ्या. पासपोर्ट पिशवीच्या तळाशी ठेवू नका, मांडीवर ठेवा. आणि डब्यात साखर असू द्या.

जोशीकाकूंनी मघाशी विचारले होते, की दशम्या दोन दिवस टिकतात का? दुधात भिजवलेल्या असल्या तर टिकतात. कृती मी मागाहून लिहून देईन.